काळ्या रानात खड्डा काढून जमीन कशी ओळखायची: कृष्णाकाठची काळी आणि अ‍ॅगसी सरोवराच्या तळाची काळी

काळी म्हणजे कसदार, हा समज कृष्णाकाठी पक्का आहे आणि गोम तिथंच आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या कागवाड, अथणी, रायबाग, चिकोडीच्या पट्ट्यात एकाच बांधाच्या अलीकडं ऊस डोक्यावर जातो आणि पलीकडं लावणीचे डोळेच उगवत नाहीत. वरून बघावं तर दोन्ही रानं सारखीच काळी. फरक दोन-तीन फूट खाली असतो, आणि तो बघायला खड्डा काढण्याशिवाय सोपी वाट नाही.

ही रीत समजून घ्यायला उत्तर अमेरिकेतल्या एका जुन्या हिमसरोवराचा तळ उपयोगी पडतो. शेवटच्या हिमयुगात कॅनडावरच्या बर्फाच्या थरापुढं वितळलेलं पाणी तुंबलं आणि प्रचंड सरोवर झालं. १८७९ मध्ये वॉरन अपहॅम या भूवैज्ञानिकानं त्याला लुई अ‍ॅगसी या शास्त्रज्ञाचं नाव दिलं. साधारण ८,००० वर्षांपूर्वी ते रिकामं झालं आणि नॉर्थ डकोटा, मिनेसोटा, मॅनिटोबा यांच्यामधलं रेड नदीचं सपाट खोरं उघडं पडलं. काठाला लाटांनी रचलेले वाळू-खड्यांचे उंचवटे, त्यांच्या आत बारीक गाळ, आणि जिथं पाणी खोल होतं तिथं निव्वळ चिकणमाती. तिथली फार्गो नावाची माती आणि आपली खोल काळी माती अमेरिकी वर्गीकरणात एकाच गणात बसतात: व्हर्टिसॉल. आपली माती बर्फानं आणलेली नाही, ती साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा दगड झिजून झाली. पण दोन्हीकडं चिकणमातीत वरचढ खनिज एकच, स्मेक्टाइट. भिजलं की फुगतं, वाळलं की आकसतं. म्हणून तिथली तपासणी इथं जशीच्या तशी चालते. तिथला उपाय मात्र दर वेळी चालत नाही, आणि तो का चालत नाही तेही खड्ड्यातच दिसतं.

खड्डा कुठं, कधी

अ‍ॅगसीच्या तळात काठापासूनच्या अंतरावर माती बदलते, आपल्याकडं ती उतारावर बदलते. माळाच्या माथ्याला मुरमाड, मधल्या उतारावर मध्यम काळी, तळाला भारी काळी, आणि नदीलगत मळीची जमीन. त्यामुळं एका रानाला एक खड्डा पुरत नाही. एक वरच्या अंगाला, एक खालच्या अंगाला काढा. बांध, झाड, उकिरडा, पाटाची कड आणि जुनी पायवाट यांपासून किमान पंधरा-वीस फूट लांब राहा. मळीच्या रानात २००५, २०१९ किंवा २०२१ च्या पुरानं गाळ टाकला असेल, तर वरचा थर जमिनीचा खरा चेहरा नसतो. तो थर कुठं संपतो ते आधी शोधा.

खानापूरकडच्या जांभ्याच्या तांबड्या जमिनीला हे लागू नाही. येळ्ळूर-वडगावच्या काळ्या भातजमिनीला लागू आहे, फक्त तिथं भेगांपेक्षा तांबेरी ठिपक्यांकडं जास्त लक्ष द्या.

शाळू-हरभरा निघाल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये भेगा पूर्ण उघडलेल्या असतात. खड्ड्याचा हंगाम तोच. पाण्याची पातळी मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरात बघायची असते, तिचं पुढं आहे.

खड्डा ५ फूट लांब, ३ फूट रुंद, ४ फूट खोल पुरतो. एका बाजूला पायऱ्या ठेवा. छातीपेक्षा खोल खड्ड्यात उतरू नका. काळ्या मातीत तिरक्या गुळगुळीत फटी असतात आणि त्यांवरून अख्खा ढेकूळ घसरून अंगावर येतो; वळवाची एक सर पडली तर हा धोका दुप्पट होतो. वरची फूटभर माती एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला टाका, म्हणजे बुजवताना उलटसुलट होणार नाही. जेसीबीनं काढलात तर बकेटनं घासलेली भिंत बघत बसू नका. बकेटनं किंवा फावड्यानं घासली की कोणतीही ओली काळी माती चकाकते, आणि ती चकाकी पुढं सांगितलेल्या खुणेसारखीच दिसते. उन्हाकडच्या भिंतीला खुरप्याच्या टोकानं उचकून माती सुटी पाडा, तिच्या नैसर्गिक फटींवर तुटू द्या.

भिंत वाचताना

रंगावर फार वेळ घालवू नका. रेड नदीच्या खोऱ्यात वरच्या थराचा काळेपणा गवताळ कुरणांनी हजारो वर्षं साठवलेल्या सेंद्रिय पदार्थाचा आहे. सहा महिने माती गोठलेली असल्यानं तो कुजत नाही. आपल्याकडं बाराही महिने कुजणं चालू, सेंद्रिय कर्ब बहुधा १ टक्क्याच्या खालीच, तरी माती काळीभोर. इथं थोडासाच ह्युमस (कुजून मुरलेला सेंद्रिय पदार्थ) चिकणमातीला घट्ट चिकटून सगळा रंग देतो. तिकडचे आकडे वाचताना आणखी एक जपा: त्यांच्या अहवालात ‘सेंद्रिय पदार्थ’ असतो, आपल्या माती तपासणीच्या पत्रिकेत ‘सेंद्रिय कर्ब’. कर्बाला १.७२ नं गुणल्याशिवाय तुलना करू नका.

आता पोत. दर फुटावरची लिंबाएवढी माती घ्या, थोडं थोडं पाणी घालत दोन मिनिटं मळा. भारी मातीला पाणी प्यायला वेळ लागतो; घाईत मळली की ती रेताड वाटते. मग अंगठा आणि बोटाच्या मध्ये दाबत पट्टी काढा. २.५ सेंटीमीटरच्या आत तुटली तर मध्यम-हलकी, ५ सेंटीमीटरपर्यंत टिकली तर चिकण पोयटा, त्यापुढं गेली तर चिकणमाती. वर ५ आणि खाली २ अशी पट्टी निघाली तर खाली मुरूम किंवा वाळूचा थर आला समजा, आणि तो किती खोलीवर आहे ते लिहून ठेवा. निचऱ्याच्या दृष्टीनं तो थर म्हणजे देणगी आहे.

भेगांत लोखंडी सळई न घालता पातळ तार घाला. सळई भेग मोठी करते. अर्धा मीटर खोलीवरही भेग बोटाच्या रुंदीची, म्हणजे १ सेंटीमीटरच्या आसपास असेल, तर ही पक्की आकसणारी जमीन. मग ४० ते १०० सेंटीमीटरच्या दरम्यान मातीचा ढेकूळ हातानं फोडा. तो पाचरीच्या आकारात तुटला आणि तुटलेली तिरकी बाजू तुळतुळीत, बारीक रेघा ओढल्यासारखी दिसली, तर तीच ती खूण. भिजून फुगलेले ढेकूळ एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणानं हे पृष्ठभाग होतात. फार्गो मातीतही हेच दिसतं. दोन्हीकडं वरची काळी माती भेगांतून खाली पडते, म्हणून भिंतीत काळ्या जिभा उतरलेल्या दिसतात. खत विस्कटून टाकलं आणि भेगा उघड्या असल्या, तर तेही याच वाटेनं मुळांखाली जातं.

उघड्या भेगांत पाट सोडला तर पहिलं पाणी भसकन तळाला जातं, आणि माती फुगून भेगा मिटल्या की पुढचं पाणी तासाला काही मिलिमीटरच मुरतं. अथणीकडं शाळवाला आठव्या आठवड्याच्या सुमारास दातेरी कोळपं फिरवतात ते भेगा बुजवण्यासाठीच. ओलिताच्या रानात भेग बोटभर होण्याआधी पाणी द्या, आणि एका आड एक सरीनं.

शेवटी ठिपके. करड्या-निळसर मातीत गंजासारखे तांबडे ठिपके किंवा मुळांच्या वाटेनं तांबड्या रेघा दिसल्या, तर त्या खोलीपर्यंत वर्षातले काही आठवडे पाणी साचून राहतं. मार्चमध्ये खड्डा कोरडा ठणठणीत असला तरी हे ठिपके खोटं बोलत नाहीत. सर्वांत वरचा ठिपका किती खोलीवर आहे तो आकडा वहीत हवाच.

चुना

दुकानातल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा १ भाग ३ भाग पाण्यात घाला. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा घाला. ड्रॉपरनं दर १५ सेंटीमीटरवर दोन थेंब टाका. फक्त पांढऱ्या खड्यावर टाकून फसफसलं म्हणून लिहू नका, खडा फसफसणारच. खड्यांमधल्या बारीक मातीवर टाका. बुडबुडे ऐकूच येत असतील तर चुना कमी, डोळ्यांना दिसले तर मध्यम, फेस आला तर जास्त.

फार्गोच्या मातीत हा चुना बर्फानं दळून आणलेल्या चुनखडकाचा आणि डोलोमाइटचा आहे. आपल्याकडं काळ्या दगडातलं कॅल्शियम कमी पावसात वाहून न जाता खड्यांच्या रूपात साठलं. उगम वेगळे, पण सोयाबीनचं दुखणं एकच. रेड नदीच्या खोऱ्यात आणि चिकोडी-निपाणीकडं, दोन्हीकडं सोयाबीनची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोह मातीत असतं. चुना, ओल आणि क्षार मिळून ते मुळाला घेऊ देत नाहीत. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडत असतील तर ते बहुधा नत्राचं आहे, लोहाचं नव्हे. दोन्हींत गल्लत करून युरिया टाकला तर लोहाची कमतरता वाढते, कारण नायट्रेट वाढलं की पानात लोह वापरात येत नाही.

फवारणीसाठी १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि १० ग्रॅम सायट्रिक आम्ल, आठ-दहा दिवसांच्या अंतरानं दोनदा, ऊन उतरल्यावर. द्रावण त्याच दिवशी वापरा. तांबूस झालं की लोह बदललं, उपयोग गेला. नुसतं फेरस सल्फेट जमिनीत फेकणं म्हणजे चुन्याला चारणं. द्यायचंच तर कुजलेल्या शेणखतात मुरवून सरीत द्या. चिलेट (लोहाला धरून ठेवणारं रसायन) घेताना पुडीवर ‘ईडीटीए’ असेल तर जास्त सामूच्या (पीएचच्या) जमिनीत ते टिकत नाही. ‘ईडीडीएचए’ टिकतं, महाग पडतं. तिकडं ते बियाण्याच्या ओळीत देतात आणि त्याआधी सहनशील वाण निवडतात. वाण निवडणं हेच त्यातलं स्वस्त काम आहे.

खारवट की चोपण

सगळ्यात जास्त पैसा इथं वाया जातो. रानावर पांढरं फुललं की लोक जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) आणतात. पांढरं फुलणं म्हणजे विद्राव्य क्षार, म्हणजे खारवट. त्याला निचरा आणि गोडं पाणी लागतं, जिप्समचा काही उपयोग नाही. चोपण वेगळी: पाऊस पडल्यावर डबक्यातलं पाणी दिवसेंदिवस गढूळच राहतं, वाळल्यावर पृष्ठभाग फरशीसारखा टणक होतो, भिजल्यावर पाय घसरतो. तिथं चिकणमातीवर सोडियम बसलेलं असतं.

घरी करायची परीक्षा अशी. दर फुटावरच्या मातीतले हरभऱ्याएवढे तीन-चार खडे सावलीत वाळवा. स्वच्छ काचेच्या ग्लासात पावसाचं किंवा आरओचं पाणी घ्या. बोअरचं पाणी घेऊ नका, त्यातले क्षार चिकणमातीला धरून ठेवतात आणि चोपण जमीनही चांगली दिसते. खडा अलगद सोडा, ढवळू नका, ग्लास हलवू नका. १० मिनिटांनी, २ तासांनी आणि दुसऱ्या दिवशी बघा. खडा ढासळून भुगा झाला पण पाणी निवळ राहिलं, तर चिंता नाही. काळ्या मातीला ती सवयच आहे. खड्याभोवती दुधाळ ढग पसरला तर सोडियम आहे. दहा मिनिटांतच ढग आला तर प्रमाण बरंच आहे.

यात एक फसगत होते. जमीन खारवटही असेल आणि चोपणही, तर त्यातले क्षार ढग होऊच देत नाहीत. परीक्षा पास होते. मग शेतकरी भरपूर पाणी देऊन क्षार धुतो, क्षार जातात, सोडियम मागे राहतं आणि दोन हंगामांत जमीन चिखलाच्या लाद्या होते. म्हणून ग्लासाच्या परीक्षेबरोबर प्रयोगशाळेचे सामू आणि विद्युत वाहकता हे दोन आकडे लागतातच. सामू ८.५ च्या वर म्हणजे सोडियमची शंका. संपृक्त अर्काची (पाण्यानं पुरत्या भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) वाहकता ४ डेसीसिमेन्स प्रति मीटरच्या वर म्हणजे खारवट. माती-पाणी १:२.५ च्या द्रावणात तोच आकडा बराच कमी येतो, तेव्हा अहवालावर पद्धत कोणती लिहिली आहे ते वाचल्याशिवाय तुलना करू नका. विनिमययोग्य (चिकणमातीवर बसलेलं) सोडियम १५ टक्क्यांच्या वर गेलं तर चोपण. जिप्सम किती, हे प्रयोगशाळेनं काढलेल्या जिप्समच्या गरजेवरून ठरवा, शेजाऱ्यानं किती पोती टाकली त्यावरून नव्हे. आणि निचरा नसेल तर टाकूच नका: सुटलेलं सोडियम बाहेर जायला वाट हवी.

नमुना घेताना चोपणच्या शंकेसाठी ०-३०, ३०-६० आणि ६०-९० सेंटीमीटर असे तीन थर वेगळे घ्या. खतासाठीचा नमुना वेगळा: एकरात १०-१२ ठिकाणी व्ही आकाराचे २० सेंटीमीटरचे खड्डे, प्लास्टिकच्या बादलीत मिसळून, चार भाग करत अर्धा किलो. खताच्या पोत्यावर माती पसरू नका. लोह-जस्ताची तपासणी असेल तर गंजलेलं खुरपं वापरू नका. पुढची चौकशी रयत संपर्क केंद्रात होते.

पाण्याची पातळी

दीड इंची पीव्हीसी नळी, ७ फूट लांब. खालच्या ३ फुटांत ड्रिलनं भोकं पाडा, त्यावर शेडनेट दुहेरी गुंडाळा. गिरमिटानं ६ फूट भोक घ्या, नळी उभी करा, भोवती जाड वाळू भरा, वरचा फूटभर भाग चिकणमातीनं घट्ट बंद करा, नाहीतर पृष्ठभागावरचं पाणी भेगेतून नळीत उतरतं आणि आकडा खोटा येतो. तोंडाला टोपण लावा. महिन्यातून एकदा दोरीला बोल्ट बांधून मोजा. ऑगस्ट ते डिसेंबर दर पंधरवड्याला.

पावसाळ्यानंतर पाणी ३ फुटांच्या आत टिकून राहिलं तर उसाची मुळं वरच अडकतात. ५ फुटांच्या आत राहिलं तरी उन्हाळ्यात ते केशाकर्षणानं वर चढतं आणि क्षार पृष्ठभागावर ठेवून जातं. बहुतेक वेळा कारण आपलं रान नसतं. वरच्या बाजूचा पाट किंवा वरच्या रानातलं मोकाट पाणी असतं.

रेड नदीच्या खोऱ्यात जमिनीखाली ३ ते ४ फुटांवर छिद्रांच्या नळ्या टाकतात, आणि उतार मैलाला जेमतेम काही इंच असल्यानं कित्येक ठिकाणी टोकाला पंप बसवतात. यूट्यूबवर ते बघून इथं थेट तसंच करणाऱ्यांच्या दोन गोष्टी राहून जातात. पहिली: कृष्णा-दूधगंगेला पूर असताना ओढाच फुगलेला असतो, नळीचं तोंड पाण्याखाली जातं, तोंडाला उलट पाणी रोखणारी झडप लागते. दुसरी: चोपण रानात सुटी झालेली चिकणमाती नळीवरचं गाळणीचं कापड बंद करते, म्हणून जिप्सम आणि नळ्या एकाच हंगामात करायच्या. दोन नळ्यांमधलं अंतर तिकडचं उचलू नका. गिरमिटाच्या भोकातलं पाणी उपसून ते किती वेगानं भरतं, त्यावरून अंतर काढतात. ओढ्यापर्यंतचं पाणी दुसऱ्याच्या रानातून जाणार असेल तर कामाला हात घालण्याआधी सगळ्यांच्या सह्या घ्या. बांधाचं भांडण नळीपेक्षा जास्त काळ टिकतं.

मशागत आणि वाफसा

तिकडं पानझडीत नांगरून ढेकळं तशीच ठेवतात. थंडीत पाणी गोठून ढेकळं फुटतात. आपल्याकडं गोठणं नाही, ते काम एप्रिल-मेचं ऊन आणि वळीव करतात. ढेकळं तापली आणि मग भिजली की आपोआप विरघळतात. वळवाआधीच रोटाव्हेटर मारून पीठ केलं तर पहिल्या जोरदार पावसात वर पापडी धरते.

भारी काळीचा वाफसा, म्हणजे औत घालण्याजोगी ओल, दोन-तीन दिवसांचाच असतो. ओळखायचा वरच्या मातीवरून नाही, तर ज्या खोलीवर अवजार चालणार तिथल्या मातीवरून. चिमूटभर माती तळहातांत वळा: पेन्सिलीपेक्षा बारीक, ३ मिलिमीटरची दोरी न तुटता झाली तर अजून थांबा, दोरी होता होता तुटली तर औत घाला. ओल्यात ट्रॉली फिरली की फूटभर खाली लादी बसते. ती भेगांनी सुटते खरी, पण बारमाही उसाच्या रानात जमीन कधी पुरती वाळतच नाही, भेगा पडत नाहीत आणि लादी वर्षानुवर्षं राहते. अशा रानात खोडवं मोडल्यावर एक हंगाम हरभरा किंवा शाळू घेऊन जमीन तडकू द्यावी, हे आमचं ठाम मत आहे.

घर किंवा गोठा बांधायचा असेल तर खड्ड्याच्या नोंदी गवंड्याला दाखवा. कॅनडात विनिपेगजवळ ट्रान्सकोना इथं १८ ऑक्टोबर १९१३ ला नवं धान्यकोठार गव्हानं भरत असताना याच सरोवराच्या चिकणमातीत कलंडलं, जवळजवळ २७ अंशांपर्यंत. तिथं खालची मऊ माती भाराखाली सरकली. आपल्या गोठ्याच्या भिंती बहुतेक वेळा भारानं तडकत नाहीत, मातीच्या फुगण्या-आकसण्यानं तडकतात. पाया भेगांच्या खोलीखाली न्या, भोवती काळी माती न भरता मुरूम भरा, आणि छपराचं पाणी भिंतीपासून लांब सोडा.

खड्डा बुजवताना खालची माती आधी, वरची शेवटी, दर फुटाला पायानं चेपत. जागा विताएवढी उंच ठेवा. पहिल्या पावसात ती बसते.